काचेवरचे ‘किडे’ आणि आमची पैठणी

घरात किडा दिसला की आधी तो मारायचा आणि मग तो कसला होता ते बघायचं, ही आपणा बायकांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. रव्यात अळ्या, तांदळात पोरकिडे, कडधान्यात भुंगे, मोरीत झुरळं! त्यांची जातकुळी विचारत बसायला वेळ आहे कुणाला? रवा चाळावा, धान्याला ऊन दाखवावं, मोरीत फिनेल ओतावं आणि पुढच्या कामाला लागावं. मीही आजवर असाच संसार करत आले. पण या सवयीपायी आमच्या घरातला एक जीव हकनाक गेला. ती हकिगत सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता यायचं नाही, म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या ह्यांना माशांचा नाद फार जुना. लहानपणी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघून आले तेव्हापासूनचा, असं सासूबाई सांगतात. लग्नानंतर काही वर्षं गप्पी, एंजल, गोल्डफिश अशा गोड्या पाण्यातल्या माशांवर भागलं. मग यांच्या मनानं घेतलं की आता खाऱ्या पाण्याचा टँक करायचा, अगदी समुद्राच्या तळासारखा. बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची पेटी आली. तिच्यात अडीचशे लिटर पाणी आणि पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम खास समुद्री मीठ. “अहो, एवढ्या पैशांत समुद्रच विकत मिळाला असता,” असं मी म्हणायची आणि हे नुसते हसायचे.

टँकमधले खडक मात्र समुद्रातले नाहीत. आपल्याकडे २००१ सालापासून खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघासारखंच संरक्षण आहे त्यांना. समुद्रातून ती उचलून आणणं हा गुन्हा. म्हणून यांनी चिनीमातीचे भाजलेले सच्छिद्र खडक घेतले आणि एका जाणत्या स्नेह्यांच्या जुन्या टँकमधलं ओंजळभर शेवाळ आणून मागच्या कप्प्यात सोडलं. भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखा गुंता दिसायचा तो. पुढच्या बाजूला दोन केशरी-पांढरे क्लाउन मासे, लाल पट्ट्याची एक कोलंबी आणि छत्रीसारखं एक मऊ प्रवाळ.

वर्षभरानं त्यात आणखी एक मासा आला. दुकानात त्याला मँडरीन म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या पश्चिमेकडचा हा मासा, बोटाएवढा. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी वळणं आणि मधूनच हिरवी झाक. आमच्या कन्येनं बघताक्षणी नाव ठेवलं, ‘पैठणी’. दिवसभर ती खडकांवरून सरकत, कोंबडीनं दाणे टिपावेत तशी काहीबाही टिपत फिरायची. काय टिपते ते मला दिसायचं नाही. आम्ही टाकलेल्या दाण्यांकडे मात्र ढुंकूनही बघायची नाही. मला वाटायचं, नखरेल आहे झालं!

आणि मग दिवाळी आली. पाहुणे यायचे होते. घर झाडूनपुसून लख्ख केलं आणि माझं लक्ष टँककडे गेलं. बघते तो काय, आतल्या काचेवर खसखशीएवढे पांढरे ठिपके, आणि ते चालताहेत! खडकाच्या फटीतून काहीतरी वळवळत पळालं. मागच्या कप्प्यात तर शेवाळाच्या गुंत्यात नुसती बुजबुज. अंगावर काटाच आला माझ्या. हे कामावर गेलेले. विचारायला कोण थांबतो? मी पदर खोचला. काचा आतून खरवडल्या. मागचा कप्पा रिकामा करून घासला. शेवाळाचा गुंता कचऱ्यात टाकला. ज्यांच्यावर जास्त वळवळ होती ते खडक नळाखाली ब्रशनं खसाखसा धुतले. संध्याकाळी टँक आरशासारखा चकचकीत. पाहुण्यांनी वाखाणला. मी खूश.

पंधरा दिवसांनी कन्या म्हणाली, “आई, पैठणीचं पोट आत गेलंय.” मी बघितलं. खरंच, पोटाशी खळगा पडला होता. डोक्यामागचं मांस उतरलेलं. ती दिवसभर खडकांवर चोच मारल्यासारखं करायची, पण हाती काही लागत नव्हतं.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथल्या विज्ञानाच्या बाईंना हे सांगितलं. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सूक्ष्मदर्शक घेऊन घरी आल्या. ड्रॉपरनं टँकच्या कोपऱ्याकोपऱ्यातलं पाणी काढून बघत बसल्या. तासाभरानं एक, अक्षरशः एकच, ठिपका सापडला. “या, बघा,” म्हणाल्या. भिंगाखाली तो ठिपका राहिलाच नव्हता. पाण्याच्या थेंबासारखं पारदर्शक अंग, कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा, पुढे दोन मिशा, मागे शेपटीला दोन केस आणि पोटाशी अंड्यांची पिशवी. लेकुरवाळी होती बिचारी.

“अहो बाई, हे किडे नव्हेत. कोलंबीच्या गोतातले आहेत हे. आणि तुमच्या माशाचं जेवण होतं ते,” बाई म्हणाल्या.

मँडरीन मासा बहुतेक वेळा जिवंत, हलतं खाद्यच खातो आणि तेही दिवसभर थोडं थोडं. त्याचा मुख्य आहार हेच बारीक जीव. मी ज्याला घाण समजून धुतलं ते तिचं ताट होतं. समुद्री जिवांना नळाच्या गोड्या पाण्यानं धुणं म्हणजे त्यांना मारणंच. त्यातून वाचलेल्यांचं घर, ते शेवाळ, मी कचऱ्यात टाकलं होतं.

पुढचे दिवस धावपळीत गेले. त्याच स्नेह्यांनी बाटलीभर जिवंत जीव दिले. आम्ही आर्टेमियाची अंडीही उबवली. पण भुकेनं एकदा अंग आत गेलं की मासा खातो ते अंगी लागत नाही. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी पैठणी खडकाच्या आडोशाला निपचित पडलेली दिसली. हे म्हणाले, “चूक माझीही आहे. त्यात काय आहे ते मी तुला आधीच दाखवायला हवं होतं.” कन्या रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “आई, पुसायच्या आधी तू बघितलं होतंस का गं, ते काय आहे ते?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्या दिवसापासून आम्ही दोघींनी एक वही घातली. तिच्यात जे शिकलो ते आज तुम्हाला सांगते. मैत्रिणींनो, आता पुष्कळ घरांत असे टँक येऊ लागले आहेत आणि साफसफाई शेवटी आपल्याच गळ्यात असते!

बघायला काय काय लागतं?

फार काही नाही. घड्याळजी डोळ्याला लावतो तसं दहापट दाखवणारं भिंग, एक ड्रॉपर, एक पांढरी बशी आणि एक काळं झाकण. पांढुरके जीव काळ्यावर दिसतात आणि काळपट जीव पांढऱ्यावर. एक विजेरी, आणि तिच्या तोंडाला बांधायला लाल जिलेटिनचा कागद. या जिवांतले बहुतेक निशाचर असतात. पांढरा उजेड पडला की पळतात, लाल उजेडाची मात्र त्यांना फारशी जाणीव होत नाही. टँकचे दिवे मालवल्यावर तासाभरानं विजेरी घेऊन बसा. दिवसा ओसाड वाटणाऱ्या टँकमध्ये रात्री जत्रा भरलेली दिसेल.

काढलेला जीव टँकच्याच पाण्यात ठेवायचा, नळाच्या नाही. पाचदहा मिनिटांत बघून परत सोडायचा. हाताला साबण किंवा क्रीम नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून फोटोही बरा निघतो.

मग स्वतःला पाच प्रश्न विचारायचे. केवढा आहे? अंग कुठून दबलेलं आहे? चालतो कसा? डोळे कसे आहेत? आणि कुठे बसून काय करतोय? मापाला आम्ही स्वयंपाकघरातलीच मापं घेतली: रवा, खसखस, मोहरी, तीळ, तांदूळ. दबलेल्या अंगासाठी कन्येनं शब्द काढला, “करंजी की पुरी?” उभी धरलेली करंजी म्हणजे दोन्ही कुशींनी दबलेला. लाटलेली पुरी म्हणजे वरून दबलेला. हसू नका, निम्मी ओळख या एका प्रश्नात पटते.

त्याआधी एक गोष्ट. काचेवर दिसणारं सगळंच या गोतातलं नसतं. भाताच्या कणीहून लहान, पांढऱ्या जिलबीसारखं वेटोळं काचेला घट्ट चिकटून बसलं असेल आणि हलत नसेल, तर ती एका निरुपद्रवी किड्याची नळी. लांबलचक आणि बिनपायांचं, किंवा दोन्ही कडांना केसांच्या झुबक्यांची रांग असलेलं काही वळवळत गेलं तर तेही कृमी. आपल्या गोतातल्यांना सांध्यासांध्यांचे पाय असतात आणि अंगावर कवच असतं. कोलंबी, खेकडा, शेवंड हे त्यातले थोरले. शास्त्रात या वर्गाला कवचधर म्हणतात.

थेंब: कोपेपॉड

रव्याच्या कणापासून खसखशीएवढा, फार तर मोहरीएवढा. डोक्याकडे रुंद, शेपटीकडे निमुळता. कोपेपॉड म्हणजे ग्रीक भाषेत वल्ह्याच्या पायाचा. चाल अगदी वल्हवल्यासारखी, हिसक्याहिसक्यानं. काचेवर सरसर चालून थबकणारे वेगळे आणि पाण्यात अधांतरी राहून टुणकन उडी घेणारे वेगळे. कपाळावर सहसा एकच डोळा. एका प्रकाराला तर ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसावरून सायक्लॉप्स हेच नाव आहे.

हा सायक्लॉप्स आपल्या आजीपणजीच्या ओळखीचा, बरं का! विहिरीच्या गोड्या पाण्यातल्या सायक्लॉप्समधूनच नारूचा रोग पसरायचा. म्हणून पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची सक्ती असे. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. टँकमधले त्यांचे समुद्री भाऊबंद मात्र शेवाळ, जिवाणू, उरलेलं खाणं खाऊन राहतात आणि माशांच्या पोटात जातात. समुद्रातही हाच क्रम. आपल्या ताटातला बांगडासुद्धा यांच्यावर पोसतो.

मादीच्या पोटामागे अंड्यांची एक किंवा दोन पिशव्या दिसतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं मुळीच नसतं. तीन पायजोड्यांचा तो एक हलता बिंदू असतो. कात टाकत टाकत, उबदार पाण्यात साधारण दोनतीन आठवड्यांत ते वयात येतं. आता समजेल, मी सगळं धुतल्यावर पंधरा दिवसांत टँक का भरला नाही ते. बी उरलं नव्हतं आणि जे उरलं होतं ते भुकेली पैठणी वेचून खात होती.

या पिल्लावरून एक मजेची गोष्ट कळली. किनाऱ्यावरच्या खडकांना पांढरी, टोकदार, पाय कापणारी कवचं चिकटलेली असतात ना, त्यांना पूर्वी शास्त्रज्ञसुद्धा शिंपल्यांच्या जातीत घालत. जॉन व्हॉन थॉम्पसन नावाच्या ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टरांनी त्यांची पिल्लं पाण्यात पोहताना पाहिली आणि १८३० साली दाखवून दिलं की ही तर कोलंबी-खेकड्यांची मंडळी. म्हणजे वडीलधाऱ्यांचं रूप ओळखू येत नसेल तर पोराकडे बघावं!

करंजी: अँफिपॉड

खडकाच्या फटीतून वळवळत पळालेला तो हा. तिळाएवढ्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा, कधी त्याहून मोठाही. अंग कुशींनी दबलेलं आणि स्वल्पविरामासारखं वाकलेलं. बशीत काढला की उभं राहता येत नाही, कुशीवर पडून गोल गोल फिरतो. ही त्याची पक्की खूण. किनाऱ्यावर ओलं शेवाळ उचललं की खालून टणाटण उडणारे बारीक जीव पाहिले असतील, ते याचेच भाऊ.

मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी उबवते आणि पिल्लं बाहेर पडतात ती आईचीच छोटी प्रत असते. हे उरलंसुरलं खाणं, कुजकं शेवाळ साफ करतात. घरात न सांगता भांडी घासणारी मोलकरीण मिळावी तसं आहे हे!

पुरी: आयसोपॉड

इथे मात्र डोळे उघडे ठेवायचे. अंग वरून चपटं. बागेतली कुंडी उचलली की खाली राखी रंगाचे, खूप पायांचे चपटे जीव असतात आणि हात लावताच गोळी होऊन बसतात. तसाच बांधा. टँकमध्ये सापडणारे बहुतेक आयसोपॉड गरीब असतात. काही रव्याएवढेच राहतात. काही तिळातांदळाएवढे होतात, हळू चालतात आणि डिवचलं की कुंडीखालच्या नातेवाइकांसारखी गोळी करतात.

पण एक जात दुष्ट आहे, सिरोलॅनिड. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे काळे डोळे, गुळगुळीत लांबट अंग, आणि पोहण्याचा वेग तर विचारू नका. बाणासारखा सरळ जातो. रात्री माशाच्या डोक्याला किंवा कल्ल्यांजवळ चिकटून चावतो आणि पोट भरलं की वाळूत लपतो. बाजारातून आणलेले मासे साफ करताना कधी तोंडात किंवा कल्ल्यात पांढरट चपटा किडा सापडतो, तोही आयसोपॉडच. त्यांच्यातली एक जात तर माशाची जीभ खाऊन तिच्या जागी स्वतः बसते!

तेव्हा चपटा जीव दिसला की ‘काय करतोय’ हा पाचवा प्रश्न फार महत्त्वाचा. खडकावर हळू चरत असेल, गोळी होत असेल तर असू द्या. सुसाट पोहत असेल किंवा माशाच्या अंगावर दिसला तर मासा जाळीत घेऊन चिमट्यानं अलगद काढायचा. त्याचे सोबती पकडायला अरुंद तोंडाच्या बाटलीत कोलंबीचा तुकडा घालून ती रात्रभर तळाशी ठेवायची आणि सकाळी दिवा लावायच्या आधी उचलायची.

जवळा आणि तीळ: मायसिड आणि ऑस्ट्रॅकॉड

मायसिड पाहिला की आपल्याला सुक्या जवळ्याची आठवण होणारच. जवळा त्याच्या अगदी जवळचा नाही, पण रूप तसं. काचेसारखं पारदर्शक अंग, देठावर बसवलेले मोठे काळे डोळे. अँफिपॉड सरपटतो, हा खडकांच्या सावलीत थव्यानं अधांतरी तरंगतो. शेपटीच्या पंख्यात भिंगातून दोन गोल मणी दिसतात. ते त्याचे तोल सांभाळणारे अवयव. मणी दिसले की मायसिड पक्का. मादीच्या पोटाला पिल्लांची पिशवी असते. टँकमध्ये हे आपणहून वाढले तर नशीबच समजा. माशांना इतकं सकस खाणं दुसरं नाही.

ऑस्ट्रॅकॉड म्हणजे दोन शिंपांत मिटलेला खसखशीएवढा, कधी तिळाएवढा जीव. वाटतं, कुणीतरी तीळ सांडलेत. आणि मग तो तीळ चालायला लागतो! शिंपा किंचित उघडून पाय बाहेर काढतो आणि वाळूवरून धावतो. याच्यापासूनही काही अपाय नाही.

मारायची घाई नको

तुम्ही म्हणाल, मग यांतला कुणीच त्रास देत नाही का? देतात. सिरोलॅनिडचं सांगितलंच. माशाच्या अंगाला चिकटून राहणारे कोपेपॉडही असतात, आणि ॲक्रोपोरा नावाच्या पोवळ्यावर वाढणारे लाल ठिपक्याचे, रव्याहून बारीक असेही. पण खूण एकच, ते माशावर किंवा पोवळ्यावर बसलेले असतात. काचेवर, खडकावर, वाळूत हिंडणारे दहांतले नऊ आपले कामकरी. दहावा ओळखायचा तो औषध टाकून नव्हे, भिंगातून बघून.

औषधावरून आठवलं. माशांच्या अंगावर पांढरे डाग पडले की तांब्याचं औषध देतात. डागांवर ते चालतं, पण कोलंबी, गोगलगाय, प्रवाळ आणि हे सगळे बारीक जीव त्यानं मरतात. तांबं खडकांत आणि वाळूत मुरूनही बसतं. तेव्हा आजारी मासा वेगळ्या बादलीत किंवा टबात हलवूनच औषध द्यायचं, मुख्य टँकमध्ये कधीही नाही.

आणखी एक, जे दुकानदार सहसा सांगत नाही. झुरळांचा, डासांचा फवारा या जिवांना फार जहरी पडतो. शेवटी कीटक आणि कवचधर एकाच मोठ्या गोतातले, दोघेही सांध्यासांध्यांच्या पायांचे. घरात फवारणी व्हायची असेल तर टँक जाड कापडानं किंवा प्लॅस्टिकनं नीट झाका, हवेचा पंप बंद करा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो. मग खोली चांगली वाऱ्यावर पडली की लगेच पंप पुन्हा सुरू करा.

साफसफाईही बेतानं. बघायची पुढची काच तेवढी पुसावी, बाकीच्या तिन्ही तशाच ठेवाव्यात. खडक धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच विसळावा, आणि एका वेळी एकच. शेवाळाचा गुंता वाढला तर अर्धा काढावा, पण आधी टँकच्या पाण्याच्या बादलीत झटकावा. बादलीत काय काय पडतं ते बघितलंत तर माझ्यासारखंच तोंडात बोट घालाल. ते पाणी गाळायचं नाही, परत टँकमध्ये ओतायचं.

माशांना वरून ताजं खाणं द्यायचं तर आर्टेमिया घरी उबवता येतो. सरबताच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगायची. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, अर्धा चमचा अंडी, हवेची नळी आणि वर दिवा. आपल्याकडच्या उबेत चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी पिल्लं निघतात. हवा बंद करून तळाशी उजेड धरला की ती तिथे गोळा होतात आणि टरफलं वर राहतात. बारीक कापडातून गाळून टँकमध्ये सोडायची. काढल्या काढल्या दिलेली बरी, कारण त्यांच्या पोटातला बलक तासातासानं संपत जातो. पण मँडरीनसारख्या माशाला एवढ्यावर जगवता येत नाही, हे आम्ही अनुभवानं सांगतो. त्याला भरलेलं घरच हवं. टँक निदान वर्षभर मुरलेला, खडक भरपूर आणि त्यांत हे जीव भरपूर असल्याशिवाय तो आणूच नये.

वहीतलं पान

परवाची गोष्ट. कन्या रात्री विजेरी घेऊन बसली होती. “आई, लवकर ये, चपटा आहे!” मी धावले. तिळाएवढा राखी जीव खडकावर. माझा हात सवयीनं चिमट्याकडे गेला. ती म्हणाली, “थांब, आधी प्रश्न.” ड्रॉपरनं बशीत घेतला. केवढा? तिळाएवढा. करंजी की पुरी? पुरी. चाल? हळू. डोळे? बारीक. मग तिनं ब्रशच्या केसानं त्याला हळूच टोचलं. त्याची टुपकन गोळी झाली! “गरीब आहे,” ती म्हणाली आणि त्याला परत खडकावर सोडलं. वहीत नोंद झाली, नाव, तारीख, वेळ आणि पेन्सिलीनं काढलेलं चित्र.

सहा प्रकार झालेत आता त्या वहीत. काचेवर पुन्हा पांढरे ठिपके चालताना दिसतात. या दिवाळीत पाहुण्यांनी विचारलंच, “अगं बाई, हे काय किडे झालेत?” मी काही बोलायच्या आत कन्येनं त्यांच्या हातात भिंग दिलं.

आता तिला दुसरी पैठणी हवी आहे. हे तयार आहेत. मी अजून होकार दिलेला नाही. मी तिला एकच अट घातली आहे. रोज रात्री नऊ वाजता डाव्या काचेच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढ्या जागेत किती ठिपके दिसतात ते मोजायचं आणि मी शाळेत देते तसा शेरा लिहायचा. सलग तीन महिने ‘भरपूर’ असा शेरा पडला की मासा आणायचा.

काल रात्रीचा शेरा मी पाहिला. ‘बरे. प्रगती आहे.’